ऊन आणि वादळ एकाच आठवड्यात का येतात? वळवाच्या पावसामागचे विज्ञान

एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात हवामान विभागाचे पत्रक वाचणारा सामान्य वाचक हमखास गोंधळतो. विदर्भातील एखाद्या जिल्ह्यासाठी त्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा असतो आणि त्याच दिवशी, त्याच जिल्ह्यासाठी मेघगर्जनेसह वादळी पावसाचाही. मराठवाडा, मध्य महाराष्ट्र आणि कोकण येथेही थोड्याफार फरकाने हेच घडते. सकाळी डोक्याला रुमाल बांधून बाहेर पडायचे, दुपारी आभाळ काळवंडताना पाहायचे, संध्याकाळी वाऱ्याने उडालेले पत्रे शोधायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन, असा आठवडा जवळजवळ प्रत्येक उन्हाळ्यात येतो. तेव्हा ‘ऊन की पाऊस, एक काय ते नक्की सांगा’ अशी तक्रार ऐकू येते. तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु ऊन आणि वळीव हे एकमेकांचे विरोधक आहेत या गैरसमजातून ती निर्माण होते. प्रत्यक्षात वळवाचे वादळ उन्हातूनच जन्माला येते, आणि ते येऊन गेले म्हणजे उन्हाचा धोका संपतो असेही नाही.

‘उष्णतेची लाट’ केव्हा म्हणायचे?

खूप उकडले म्हणजे लाट आली, असे बोलण्यात चालते. हवामान विभागाची व्याख्या मात्र ठरलेली आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस, किनारपट्टीवर ३७ अंश आणि डोंगराळ भागात ३० अंश झाले, तरच लाटेचा विचार सुरू होतो. मैदानी भागात हे तापमान त्या ठिकाणच्या त्या दिवसांतील सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर ती उष्णतेची लाट आणि त्याहूनही जास्त असेल तर तीव्र लाट ठरते. सरासरी काहीही असली तरी पारा ४५ अंशांवर गेला की लाट आणि ४७ वर गेला की तीव्र लाट मानतात. शिवाय ही स्थिती हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसावी लागते. त्यामुळे चंद्रपुरात किंवा अकोल्यात मे महिन्यात ४३ अंश तापमान असूनही ‘लाट नाही’ असे पत्रक येऊ शकते, कारण तेथे त्या दिवसांत तेवढे तापमान नेहमीचेच असते. मजुरी करणाऱ्या माणसाच्या शरीराला मात्र सरासरीशी देणेघेणे नसते, म्हणून इशारा नाही म्हणजे धोका नाही असा अर्थ कोणीही काढू नये.

तापलेली जमीन वादळ कसे घडवते?

सूर्यकिरण हवेला थेट फारसे तापवत नाहीत. ते जमीन तापवतात आणि जमीन तिला टेकलेल्या हवेला तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाऊ लागते. वर दाब कमी असल्याने ती प्रसरण पावते आणि थंड होते. कोरडी असेपर्यंत दर किलोमीटरला साधारण १० अंश या वेगाने. आजूबाजूची हवा तिच्याहून थंड असेल तर तिचा वरचा प्रवास चालू राहतो, नसेल तर थांबतो. म्हणूनच कडक उन्हाचे कितीतरी दिवस निरभ्र जातात. अनेकदा दोन-तीन किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा एक थर पसरलेला असतो. खालून आलेल्या हवेला तो अडवून धरतो आणि तिला ढग बनण्याच्या उंचीपर्यंत पोहोचूच देत नाही.

चित्र पालटते ते वाफेमुळे. वर चढणाऱ्या हवेत पुरेशी वाफ असेल तर ठराविक उंचीनंतर तिचे थेंब बनू लागतात, आणि पाण्याची वाफ होताना त्याने घेतलेली उष्णता तेथे पुन्हा बाहेर पडते. तिला सुप्त उष्णता म्हणतात. तिचे प्रमाण लक्षात आले की वादळाची ताकद कळते. एक लिटर पाण्याइतकी वाफ द्रवरूप होताना जी उष्णता सोडते, ती तेवढेच पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यासाठी लागणाऱ्या उष्णतेच्या सातपटीहून अधिक असते. वळवाची एखादी सर एका चौरस किलोमीटरवर २० मिलिमीटर पडली, तर ते पाणी दोन कोटी लिटर होते. एवढ्या पाण्याची सुप्त उष्णता तासाभराच्या आत ढगात सोडली जाते. ही उष्णता मिळत राहिल्याने वर चढणारी हवा आता दर किलोमीटरला पाच-सहा अंशांनीच थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि अधिकाधिक जोराने वर खेचली जाते. दुपारी दोनला कापसाच्या पुंजक्यासारखा दिसलेला ढग चारच्या सुमारास १२ ते १५ किलोमीटर उंचीचा गर्जनमेघ झालेला असतो तो यामुळेच.

म्हणजे वादळाला तीन गोष्टी लागतात: तापलेली जमीन, पुरेशी वाफ आणि अडवणारा थर भेदण्यासाठी एखादा धक्का. पहिली गोष्ट उन्हाळ्यात रोज असते. उरलेल्या दोन जुळून आल्या की तो आठवडा येतो.

कोरड्या पठारावर वाफ येते कुठून?

महाराष्ट्राच्या नकाशावर या दिवसांत उत्तर-दक्षिण अशी एक अदृश्य रेषा असते. विदर्भापासून मराठवाडा, कर्नाटक आणि पुढे तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. बातम्यांत ज्याला ‘द्रोणीय स्थिती’ म्हणतात तो हाच. त्याच्या पूर्वेकडून बंगालच्या उपसागरावरची दमट हवा येते, पश्चिमेकडून आणि वायव्येकडून कोरडी, तापलेली हवा येते आणि पट्ट्याच्या आसपास दोन्ही भिडतात. भिडलेल्या हवेला वर जाण्यावाचून मार्ग राहत नाही. वर उल्लेखलेला धक्का तो हाच. हा पट्टा रोज थोडा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकतो. आज नांदेड-लातूरला वादळ, उद्या सोलापूर-सांगलीला आणि परवा फक्त ऊन, असा लपंडाव त्याच्या सरकण्यातून होतो.

सह्याद्रीच्या पूर्वेकडील जिल्ह्यांना आणखी एक धक्का मिळतो. दुपारनंतर अरबी समुद्रावरून येणारे वारे घाट चढून वर येतात आणि पठारावरच्या तापलेल्या हवेखाली शिरतात. पुणे, सातारा, कोल्हापूर भागात वळीव बहुधा दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी येतो, त्यामागे दिवसभराच्या तापण्याबरोबर या वाऱ्यांचाही वाटा असतो.

पावसाआधी तो गार, धुळीचा वारा का सुटतो?

या भागावर थोडे थांबून बोलणे मला आवश्यक वाटते, कारण वळवातील पुष्कळसे नुकसान पाण्याने नव्हे, वाऱ्याने होते.

मातीच्या माठातील पाणी गार का होते, हे आपल्याला घरातून माहीत असते. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून काढून घेतली जाते. हवा जितकी कोरडी, तितकी वाफ जास्त आणि पाणी अधिक गार. नागपूरच्या माठातील पाणी मुंबईच्या माठातल्यापेक्षा सुखद लागते ते याच कारणाने. गर्जनमेघाच्या तळाशी नेमके हेच प्रचंड प्रमाणावर घडते. ढगातून पडणारे थेंब खालच्या कोरड्या, तापलेल्या हवेतून येताना वाटेतच वाफ होऊ लागतात आणि त्या हवेची उष्णता शोषून घेतात. गार झालेली हवा जड होते आणि जमिनीकडे झेपावते. जमिनीवर आदळल्यावर तिला खाली जायला जागा नसते, म्हणून ती सर्व बाजूंनी आडवी पसरते. पाऊस पोहोचण्याआधी येणारा गार झोत तो हाच. तो ढगाच्या पुढे काही किलोमीटर धावतो, वाटेतील धूळ उचलतो आणि काही मिनिटांत तापमान कित्येक अंशांनी खाली आणतो.

यातून एक अनपेक्षित गोष्ट निघते. खालची हवा जितकी कोरडी आणि तापलेली, तितका हा झोत जोरदार असू शकतो. पाऊस मात्र वाटेतच वाफ झाल्याने कमी पडतो. म्हणून ‘पाऊस तर चार थेंब पडला आणि एवढी झाडे कशी पडली?’ या प्रश्नात विसंगती नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत दुपारनंतर धुळीचे लोट घेऊन आलेल्या वादळात घाटकोपर येथे प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ जणांचा मृत्यू झाला. फलकाचा आकार आणि पाया हा मानवी जबाबदारीचा वेगळा विषय आहे, आणि तो वाऱ्यावर ढकलून चालणार नाही. परंतु वळवाचे पहिले झोत किती अचानक येतात, हे त्या दिवशी साऱ्या शहराने पाहिले. आभाळ काळे झाले आणि वारा एकाएकी गार लागला, तर फलक, पत्र्याचे छप्पर, बांधकामाची परांची आणि मोठी झाडे यांपासून त्याच क्षणी दूर व्हायला हवे. पावसाची वाट पाहत थांबू नये.

गारा मेपेक्षा मार्च-एप्रिलमध्ये जास्त का?

ऊन वाढले की गारा वाढायला हव्यात, असे वाटते, घडते उलटे. जमिनीपासून साधारण चार-पाच किलोमीटरवर तापमान शून्याखाली जाते. ढगातील वरच्या दिशेचा झोत थेंबांना त्याहून वर उचलून धरतो, ते गोठतात, त्यांच्यावर पाण्याचे थर चढून तेही गोठतात आणि वजन पेलेनासे झाले की गार खाली येते. खाली येताना तिला उबदार हवेचा थर ओलांडावा लागतो. मे महिन्यात हा थर अधिक जाड आणि तापलेला असतो, त्यामुळे पुष्कळ गारा वाटेतच वितळतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, विशेषतः उत्तरेकडून थंड हवा वरच्या थरांत आलेली असताना, हे अंतर कमी असते. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने महाराष्ट्रातील रब्बी पिके आणि फळबागा उद्ध्वस्त केल्या, ते दिवस अजून अनेक शेतकरी कुटुंबांच्या लक्षात आहेत.

वीज: सर्वाधिक जीवघेणी आणि सर्वाधिक टाळता येण्याजोगी

ढगाच्या गोठलेल्या भागात बर्फाचे बारीक स्फटिक आणि मऊ गारांचे कण एकमेकांवर आदळतात. त्यातून विद्युतभार वेगळे होतात: हलके स्फटिक धन भार घेऊन वर जातात, जड कण ऋण भारासह खालच्या बाजूला राहतात. दोन्हींतील ताण हवेला सहन होईनासा झाला की वीज चमकते. विजेच्या मार्गातील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, स्फोटासारखी प्रसरण पावते आणि तो आवाज आपल्याला गडगडाट म्हणून ऐकू येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत शेतात राबणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते, आणि या मृत्यूंविषयी आपण फार कमी बोलतो याचे मला दुःख वाटते.

चमक दिसल्यावर आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर आहे ते कळते. हे अंतर ३० सेकंदांहून कमी असेल तर ताबडतोब पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. मोटारीत माणूस सुरक्षित राहतो तो रबरी टायरमुळे नव्हे. तिच्या धातूच्या कवचातून वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते म्हणून. दुचाकीला हे कवच नसते. मोबाइल खिशात असल्याने वीज ओढली जाते हाही गैरसमज आहे. धोका असतो तो उघड्या जागी सर्वांत उंच असण्याचा.

झाडाखाली उभे राहण्याबद्दल मात्र शंका नको. वीज झाडावर पडली तरी तिचा काही भाग खोडावरून जवळच्या माणसाकडे उडी मारतो आणि उरलेला जमिनीतून चहूकडे पसरतो. जमिनीतून पसरणाऱ्या या प्रवाहामुळे दोन पावलांच्या दरम्यानही विजेचा दाब तयार होतो. जनावरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने झाडाखाली बांधलेली गुरे एकाच वेळी दगावतात, त्याचे कारण हेच. आसपास कोणताच आसरा नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसावे, आडवे होऊ नये; हा उपाय पूर्ण सुरक्षित नाही, फक्त धोका कमी करणारा आहे. वीज अंगावर पडलेल्या माणसाला हात लावल्यास झटका बसत नाही. त्याचे हृदय थांबले असेल तर छातीवर दाब देत राहिल्याने जीव वाचू शकतो, म्हणून भीतीपोटी त्याला तसेच सोडून जाऊ नये.

‘पाऊस पडला, पारा उतरला, आता काय धोका?’

हा समज सर्वांत धोकादायक आहे. आपले शरीरही माठासारखेच थंड होते: घाम बाहेर येतो, त्याची वाफ होते आणि त्वचेची उष्णता निघून जाते. हवेत आधीच भरपूर वाफ असेल तर घाम वाहतो, पण वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. तापमापीच्या टोकाला ओले कापड गुंडाळून घेतलेल्या नोंदीवरून हे मोजता येते. तिला वेट बल्ब तापमान म्हणतात. वाफ होऊन एखादी वस्तू जास्तीत जास्त किती थंड होऊ शकेल, ते ही नोंद सांगते.

आकडे पाहावेत. तापमान ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना वेट बल्ब तापमान सुमारे २२ अंश असते. वळवानंतर जमीन ओली होते, पारा ३८ अंशांवर उतरतो आणि आर्द्रता ४० टक्क्यांवर जाते. तेव्हा तेच तापमान सुमारे २७ अंशांवर पोहोचते. मुंबईतील ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेच्या दिवशी ते जवळजवळ २९ अंश असते. पारा खाली आला, पण शरीराला थंड होण्याची संधीही आकसली. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, तेव्हा त्या परिसरातील पारा चाळिशीच्या आतच होता. तापमानाचा आकडा एकटा वाचू नये, याचा याहून वेदनादायक दाखला नाही. बांधकामावरील मजूर, बंदोबस्तावरील पोलीस, पत्र्याच्या खोलीत राहणारे वृद्ध यांच्यासाठी वळवानंतरचा दमट दिवस कोरड्या उन्हाइतकाच जपण्याचा असतो. अशा दिवशी कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला किंवा अंग तापून बेशुद्धी आली, तर अंगावर पाणी घालत वारा देत रुग्णालय गाठावे.

‘इशारा होता, पण आमच्याकडे थेंबही पडला नाही’

ही तक्रारही न्याय्य वाटते, परंतु इशाऱ्याची भाषा समजून घेतली तर ती बरीच निवळते. एकटा गर्जनमेघ काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि बहुधा तासाभरात संपतो. जिल्हा त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. पत्रकातील ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर. ‘तुरळक ठिकाणी’ पावसाचा अंदाज बरोबर ठरला तरी जिल्ह्यातील बहुतेक गावे कोरडीच राहणार, हे त्या शब्दांतच आलेले असते. रंगांचेही असेच: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पावसाचे माप सांगत नाहीत, आपण काय करावे ते सांगतात.

चार दिवस आधी फक्त पोषक स्थिती सांगता येते. ढग कोणत्या गावावर उभा राहील हे कळते ते काही तास आधी, रडारवर तो दिसू लागल्यावर. त्यासाठी हवामान विभाग पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाज देतो, आणि पुण्यातील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अॅप आपल्या परिसरातील विजांची सूचना देते. सकाळचे पत्रक वाचून कामाची आखणी करावी आणि दुपारनंतर हा तात्कालिक अंदाज पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

‘वळीव जोरात झाला, मग मान्सूनही लवकर आणि चांगला?’

असा संबंध लावता येत नाही. वळीव स्थानिक उष्णतेतून, उभ्या वाढणाऱ्या ढगांतून आणि तासाभरासाठी येतो. मान्सून हजारो किलोमीटरवरून वाहणाऱ्या नैर्ऋत्य वाऱ्यांचा, महिनोन् महिने चालणारा प्रवाह आहे. केरळमध्ये त्याची सर्वसाधारण तारीख १ जून आणि मुंबईत ११ जून आहे. २०२५ मध्ये तो मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला, पण त्या एका वर्षावरून नियम बनत नाही. हवामानबदलाबाबतही असेच सावधपणे बोलावे लागते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते, त्यामुळे वादळांना मिळू शकणारे इंधन वाढते हे खरे. मात्र कालच्या एका वादळाचे खापर थेट त्यावर फोडता येत नाही.

शेतकऱ्यांसाठी हा फरक पुस्तकी नाही. मेअखेरच्या दोन-तीन दमदार वळवांनी रान भिजते, मशागत सोपी होते आणि पेरणीचा मोह होतो. पण वळवानंतर पुन्हा दहा-पंधरा दिवस कोरडे ऊन पडू शकते, त्यात उगवलेले कोंब जळतात आणि दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर घ्यावे लागते. म्हणून कृषी विभाग दरवर्षी मान्सूनचा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका असे सांगतो. मेमधील वळवाच्या पाण्यावर नांगरट आणि कुळवाची पाळी जरूर उरकावी; बियाण्याची पिशवी मात्र तेवढ्यावर फोडू नये.